दुसरा हुंकार

१

रामेश्वराची आण घेऊन सांगतो, ही गोष्ट पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत खरी आहे. यातलं काहीही माझ्या पदरचं नाही. सगळं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे, सगळंच नाही पाहिलं. त्या दिवसांत सत्यवानाच्या पडवीत मी एकदाच गेलो, आणि गेलो तेव्हा तिथे काहीही घडलं नाही. चहा मिळाला, तोही बिनसाखरेचा. पण सत्यवानाने मला सांगितलं आणि सत्यवान खोटं बोलत नाही. दुकानात बोलतो, ते सोडा. 'ही दोरी कधी कुजूची नाय' असं छातीवर हात ठेवून सांगतो, आणि दोरी असते नायलॉनची. तेव्हा तेही खोटं म्हणता येत नाही.

मिठबावच्या बाजारात त्याचं जाळ्यांचं दुकान आहे. दोऱ्या, जाळी तरंगवणारे बोये, शिसाच्या गोळ्या, झालंच तर टॉर्चचे सेल. दुपार झाली की शटर खाली, स्कूटर घराकडे. माशाची कढी आणि भात, मग पडवीत चटई. आमच्याकडे दुपारी दुकान उघडं ठेवणाऱ्याला लोक विचारतात, घरात भांडण झालं काय रे?

या नेमात खंड पडला तो भक्तीच्या डोळ्यामुळे. भक्ती म्हणजे सत्यवानाची बायको. कुडाळला जाऊन तिने मोतीबिंदू काढून घेतला. साखरेमुळे जखम भरायला वेळ लागेल म्हणून डॉक्टरांनी दम देऊन ठेवला होता. वाकायचं नाही, चुलीपाशी बसायचं नाही, टीव्ही नाही, मोबाईल नाही. वाचन तर नाहीच नाही. डोळ्यांवर तो काळा चौकोनी चष्मा आला, जो घातला की आपल्याकडची कुठलीही बाई सिनेमातल्या गुंडाच्या आईसारखी दिसते.

आणि भक्तीला वाचल्याशिवाय दुपार सरत नसे.

२

पुस्तक वाचनालयातल्या संचिताने आणून दिलं. भुताची प्रेमकथा. नाव इतकं गुळमट की सत्यवानाने ते मोठ्याने उच्चारायला नकार दिला.

"माका नाव वाचूक सांगू नको. फुडचा वाचतंय."

पडवीत भक्तीची आरामखुर्ची गडग्याच्या, म्हणजे अंगणाच्या दगडी कुंपणाच्या, बाजूला होती, तोंड घराकडे. तिच्यासमोर सत्यवानाची लाल प्लास्टिकची खुर्ची. त्याच्या पाठीमागे माजघराचं दार. ही मांडणी लक्षात ठेवा असं मी म्हणणार नाही, पण सत्यवानाने मला ती पुन्हापुन्हा सांगितली. एकदा तर माझ्या अंगणात काडीने काढून दाखवली.

वाचायला बसल्यावर पहिली अडचण आली ती चष्म्याची. काळ्या काचेमागे बायको जागी आहे की झोपली, हे कळणार कसं?

"हुंकारो दी," तो म्हणाला. "नायतर मी भिंतीक वाचून दाखवी आसतंय."

यात नवल काही नव्हतं. आमच्याकडे गोष्ट सांगायची तर समोरच्याने हुंकार द्यावाच लागतो. वाक्य संपलं की 'हूं'. हुंकार थांबला की गोष्ट थांबली. भक्तीच्या माहेरी तर याचे नियम होते. अर्धी गोष्ट टाकून उठायचं असेल तर हुंकार देणाऱ्याला विचारून उठायचं. न विचारता उठलं की काय होतं, ते कुणी सांगत नसे. तिचे आजोबा जेवणाची हाक आली तरी विचारत, 'थांबू मां गो?' आणि नात 'थांबा' म्हणाली की मगच पाट घेत.

गोष्ट अशी होती. एक मेलेला माणूस. एक जिवंत बाई, दुसऱ्याची बायको. पहिल्या प्रकरणात तो विहिरीपाशी उभा राहतो. दुसऱ्यात बेड्यापाशी, कुंपणाच्या वाटेशी, येतो. तिसऱ्यात अंगणात. करत काहीच नाही. बोलतो. आणि ती ऐकते.

"मेल्यार पण तोंड बंद नाय ह्येचा!" सत्यवान म्हणाला.

"तुमचा जित्यापणी तरी खंय उघडता?" भक्ती म्हणाली. "लग्नाक इतकी वर्सा झाली, ह्येच्यासारख्या एक तरी वाक्य बोललात माझ्याशी?"

"बोललंय मां. 'आज कढी बरी झाली' म्हटलंय."

"ता कढयेक म्हटलात."

सत्यवान चिडला नाही. पण पुढचं प्रकरण त्याने मुद्दाम दशावतारातल्या राक्षसाच्या आवाजात वाचलं. भूत म्हणतं, 'तुझ्याशिवाय मला कुणाचाही पत्ता ठाऊक नाही,' आणि सत्यवान ते मांडीवर थाप मारून, भुवया उडवून गरजतो. भक्ती आधी हसली. मग म्हणाली,

"नीट वाचा. त्येच्या आवाजात वाचा."

"त्येचो आवाज माका खंय म्हायत?"

"माका म्हायत आसा," भक्ती म्हणाली, आणि पुन्हा हसली.

३

त्या पुस्तकात बाईचा नवरा पहिल्या प्रकरणात जेवतो, दुसऱ्यात आंघोळ करतो, तिसऱ्यात नुसता खोकतो. चौथ्यापासून त्याचा पत्ताच नाही.

"अगो, ह्यो घोव खंय गेलो?" सत्यवानाने वाचता वाचता विचारलं. "मारल्यान काय तेका?"

"आसात खंयतरी आत," भक्ती म्हणाली. "वाचा."

तो वाचू लागला. आता राक्षसाचा आवाज सोडून दिला होता. उन्हाने आवाठ, म्हणजे आजूबाजूची सगळी घरं, सुनसान पडलेलं, समुद्राकडचा वारा माडांत शिरलेला. भूत बाईला सांगत होतं की तुझ्या पायांचा आवाज मी जमिनीखालून ऐकत होतो, आणि तो थांबला की मला दुसऱ्यांदा मेल्यासारखं व्हायचं. सत्यवानाला ते वाक्य वाचताना ओशाळल्यासारखं झालं. आपल्याच बायकोसमोर बसून दुसऱ्याचं प्रेम बोलायचं, म्हणजे टपाल्याने पाकीट फोडून वाचून दाखवण्यातला प्रकार.

वाक्य संपलं.

"हूं," भक्ती म्हणाली.

आणि त्याच्या पाठीमागून, माजघरातून, "हूं."

पहिल्यापेक्षा थोडा उशिरा. थोडा खालच्या पट्टीत. एखाद्या माणसाने आपलं बोलणं दुसऱ्याकडून नीट पोचतंय ना, हे ऐकावं आणि समाधान पावावं, तसा.

सत्यवानाने वळून पाहिलं. माजघरात कोपऱ्यात फ्रिज, फ्रिजवर केळी, पलीकडे मागच्या पडवीच्या दारातून आलेली उन्हाची पट्टी. कुणी नाही.

"आतसून कोण हुंकारो दिल्यान?"

"कोण नाय," भक्ती म्हणाली. "वाचा फुडे."

४

सत्यवान हा दोरीला गाठ बसते की नाही हे ओढून बघणारा माणूस. त्याने हेही ओढून बघितलं.

आधी त्याला वाटलं, परसातला भारद्वाज. काजूच्या झाडावर एक आहे, दुपारी घशातून घुमतो. मग त्याच्या ध्यानात आलं की भारद्वाज पूर्णविरामाची वाट बघत नाही.

मग वाटलं, फरशी. माजघराला नवीन फरशी बसवल्यापासून तिथे आवाज घुमतो. म्हणून त्याने भक्तीला सांगितलं, आज हुंकार देऊ नको, बोट वर कर. भक्तीने बोट वर केलं. माजघरातून "हूं" आला. घुमायला मूळ आवाजच नव्हता.

मग त्याने माजघराचं दार ओढून कडी घातली. दाराआडून हुंकार आला नाही. त्याला बरं वाटलं. पान उलटलं, आणि पुढच्या वाक्यानंतर हुंकार आला तो दाराच्या अलीकडून. पडवीतून. खुर्चीच्या पाठीला लागून.

त्याने वळून पाहिलं नाही. मला म्हणाला, "मान वळणाच नाय रे. माझ्या मानेन ऐकल्यान, पण वळली नाय." पान संपेपर्यंत तो वाचत राहिला. थांबलो तर काय होईल, हे त्याला ठाऊक नव्हतं. वाचलं तर निदान शब्द चालू राहतात.

त्या पानावर एक गोष्ट त्याच्या लक्षात आली. भुताची वाक्यं तो वाचतो तेव्हाच दुसरा हुंकार येतो. बाईच्या वाक्यांना येत नाही. भुताची वाक्यं वाचताना त्याचा स्वतःचा आवाजही आताशा त्याच्या ओळखीचा राहिला नव्हता. जरा मऊ झाला होता. भक्ती त्या आवाजाकडे तोंड करून बसायची. त्याच्याकडे नव्हे.

"आज काय भाजी करूया?" असं त्याने मध्येच विचारलं, तर तिने कपाळाला आठी घातली. गोष्टीत कुणी खोकावं तशी.

५

"ह्या पुस्तक माका पुरे झाला," एके दिवशी तो म्हणाला. अगदी मन घट्ट करून, जेवण झाल्याझाल्या.

"कित्याक?"

"माका भिया दिसता." लग्नानंतर इतक्या वर्षांत हे वाक्य त्याने प्रथमच उच्चारलं. "हसू नको. माका खरांच भिया दिसता. दुसरा आणुया. एखादी विनोदी कादंबरी आणुया. ह्या अर्ध्यार टाकतंय. थांबू मां?"

त्याला वाटलं होतं भक्ती रुसेल. अर्ध्यावर टाकायचं म्हणजे, भूत आता पडवीच्या पायरीवर आलेलं, पुढच्या प्रकरणात माजघराच्या उंबऱ्याशी येणार हे शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं. पण भक्ती म्हणाली,

"थांबा."

इतक्या सहज, की त्यालाच चुकल्यासारखं वाटलं.

तसाच स्कूटर काढून तो वाचनालयात गेला. संचिता टेबलाशी बसून कैरी खात होती.

"काका, संपला येवढ्यात?"

"संपूक नाय. नको झाला."

"शेवट कसो आसा म्हणतत बायका, माहीत आसा?"

"सांगू नको!" सत्यवान एवढ्या जोरात ओरडला की पेपर वाचणारे दोघे वर बघायला लागले.

परतताना वारा तोंडावर येत होता आणि त्याला हलकं वाटत होतं. गोष्ट टाकायची तर हुंकार देणाऱ्याला विचारायचं, ते त्याने विचारलं होतं. सगळं रीतसर झालं होतं. बाजाराच्या वळणावर त्याने अचानक ब्रेक मारला. मागून येणाऱ्या रिक्षावाल्याने त्याची आई काढली, ती त्याला ऐकू आली नाही.

हुंकार देणारे दोन होते. त्याने एकालाच विचारलं होतं.

६

दुसऱ्या दुपारी तो विनोदी पुस्तक घेऊन घरी आला. बेड्यातून आत शिरला आणि स्कूटर तशीच धरून उभा राहिला.

भक्ती आरामखुर्चीत बसली होती. काळा चष्मा, हात मांडीवर. समोरची लाल खुर्ची रिकामी.

"हूं," भक्ती म्हणाली.

मग गप्प. माडाच्या झावळ्या हलल्या, थांबल्या.

"हूं."

आता गप्प राहणं लांबलं. तिच्या ओठांच्या कडा जरा वर गेल्या. मान थोडी कलली, लांब वाक्य ऐकताना कलते तशी.

"हूं."

त्याने स्कूटर स्टँडला लावली. खडखडाट झाला. भक्तीने तळहात वर केला. थांबा जरा, असा. सत्यवान स्वतःच्या अंगणात थांबला.

नंतर, जेवताना, त्याने विचारलं, "कोणाक हुंकारो दी होतंस?"

"खंय? झोप लागली हुती माका." तिने भातावर कढी वाढली. मग तिनेच, कुठेतरी बघत, "बरो आसा हो तो. माजघराच्या उंबऱ्यार इलोहा, पण आत येणा नाय. म्हणता, तू सांगल्याशिवाय पाऊल टाकूचंय नाय."

"कोण?"

"त्या पुस्तकातलो."

"त्या आमी वाचूक नाय. आमी पायरीयेर थांबललो."

भक्तीने थोडा विचार केला. "मगे स्वप्नात दिसला आसतला," ती म्हणाली, आणि बांगड्याचा मधला तुकडा त्याच्या ताटात घातला. तो तुकडा ती नेहमीच त्याला घालते. सत्यवानाने तो ताटातच ठेवला आणि उठला.

तो वाचनालयात गेला. पुस्तक कपाटात होतं, कुणी नेलेलं नव्हतं. त्याने पुढचं प्रकरण उघडलं आणि पहिलं वाक्य वाचलं. 'उंबऱ्यावर तो थांबला. म्हणाला, तू सांगितल्याशिवाय मी पाऊल टाकणार नाही.'

पुढे वाचलं असतं तर उद्या भक्ती काय ऐकणार ते त्याला आज कळलं असतं. बाई त्याला आत बोलावते की नाही, आणि बोलावलं तर मग त्या खोकणाऱ्या नवऱ्याचं काय होतं, हेही कळलं असतं. त्याने पुस्तक मिटलं. बोट आत अडकलं होतं तेही त्याला नीट काढता येईना.

"काका, परत नेतास?" संचिताने विचारलं.

"नको गो," तो म्हणाला. "चालू आसा थंय."

७

त्यानंतर सत्यवानाने काय काय केलं! भक्तीला मुंबईला मुलीकडे पाठवायचं म्हटलं. भक्ती म्हणाली, औषधं चालू असताना प्रवास कसला? देवाला गाऱ्हाणं घालायचं म्हणून देवळात गेला. गुरवासमोर उभा राहिला. म्हणणार काय? माझी बायको दुपारी 'हूं' म्हणते, तेवढं बंद कर रे म्हाराजा? शेवटी तेवढंच बोलला. गुरव म्हणाला, "सत्यवान, बायल 'हूं' म्हणता ही तक्रार घेऊन येणारो तू पयलोच!"

खुर्ची उचलून मागच्या पडवीत ठेवली. दुपारी घरी आला तर खुर्ची जागेवर. "मीच आणलंय," भक्ती म्हणाली. "कोण इलो तर बसाक नको?"

मग त्याने ठरवलं, जे राहिलंय ते करायचं. दुसऱ्याला विचारायचं.

भर दुपार होती. डोळे मिटावेत इतकं ऊन. तो पडवीकडून गेलाच नाही, परसातून मागच्या दाराने माजघरात शिरला. फ्रिज गुरगुरत होता. तिथे उभं राहिल्यावर त्याला लाज वाटली, आणि मग लाज वाटायचीही बंद झाली. त्याने हात जोडले. ज्या कोपऱ्यातून तो पहिला हुंकार आला होता त्या कोपऱ्याकडे तोंड केलं.

"माझी चूक झाली," तो पुटपुटला. "मी विचारूक नाय. आता विचारतंय. माका ही गोष्ट अर्ध्यार टाकूची आसा. थांबू मां?"

कोपरा गप्प.

"माझी बायल आसा ती," सत्यवान म्हणाला. "माका बोलाक येणा नाय तुमच्यासारख्या. पण माझी आसा ती. थांबू मां?"

"हूं," आवाज आला.

पण कोपऱ्यातून नाही. बाहेरून. भक्तीचा. आणि तो त्याला दिलेला नव्हता.

तो उंबऱ्याशी आला. इथून त्याला लाल खुर्चीची पाठ दिसत होती, रिकामी. तिच्यापलीकडे भक्ती, त्याच्या दिशेने तोंड करून. उन्हाचा उजेड पडवीच्या फरशीवरून उसळून तिच्या चेहऱ्यावर पडला होता, आणि चष्म्याच्या काळ्या काचांत सगळी पडवी नखाएवढी होऊन उभी होती. खांब. कौलांची कड. खुर्ची, समोरून. खुर्चीत कुणीतरी बसलेलं. मान खाली, मांडीवर हात उघडे, वाचणाऱ्या माणसासारखे.

त्याच्यामागे माजघराचं दार. सत्यवान त्या दारात उभा होता.

काचेत त्या दारात कुणी नव्हतं.

त्याने हाक मारायला तोंड उघडलं. 'भक्ती' म्हणायचं होतं. तेवढ्यात त्याच्या कानाशी, न ऐकता, एक वाक्य संपल्यासारखं वाटलं. कसलं ते त्याला कळलं नाही. फार सुंदर होतं, एवढं कळलं.

"हूं," सत्यवानाच्या घशातून आलं.

भक्तीची मान किंचित हलली.

"आतसून कोण हुंकारो दिल्यान?" तिने खुर्चीला विचारलं.

वारा थांबला होता. एक उत्तर देण्याएवढा वेळ गेला.

"बरां," भक्ती म्हणाली. "वाचा फुडे."

८

पुढचं थोडक्यात सांगतो.

डॉक्टरांनी डोळा तपासला आणि चष्मा काढायला परवानगी दिली. भक्तीने तो पडवीत बसूनच उतरवला. उजेडाने डोळ्यांत पाणी आलं. पदराने ते टिपून तिने समोर पाहिलं, खुर्चीच्या पलीकडे, दाराकडे, आणि म्हणाली, "अवो, तुमी आत काय करतास? भायर येवा." सत्यवान बाहेर आला. खुर्चीत बसला. खुर्ची नुसती खुर्ची होती.

तर, एवढा भाग माझ्या पदरचा.

बाकी सगळं खरं आहे. सत्यवान आता दुपारी माझ्याकडे येतो. ओट्यावर बसतो, पाणी मागतो आणि म्हणतो, "सांग रे ती गजाल." मी म्हणतो, अरे, तूच मला सांगितलीस, तुलाच काय सांगू? पण तो उठत नाही. मग मी सांगतो. कढीपासून सांगतो, राक्षसाच्या आवाजापासून सांगतो, आणि तो प्रत्येक वाक्याला हुंकार देतो, थोडा उशिरा, थोडा खालच्या पट्टीत. शेवटी मी भक्तीला चष्मा काढायला लावतो आणि तिच्याकडून त्याला बाहेर बोलावतो.

तेवढ्या एका वाक्याला तो हुंकार देत नाही.